झुडपातील दरबार

संपूर्ण नाव दिगंतराव चंचुनाथ सातविणकर, वय वर्षे एकतीस, कूळ धनेश, राहणार सातविणीची मधली ढोली, घाटमाथ्याचे जंगल. बालमित्रांनो, त्या जंगलात राहणारे हे वयोवृद्ध धनेश पक्षी आपली ओळख अशीच, एकही शब्द न गाळता, सांगत असत. वाटेत कोणी नुसते "कोण चाललंय?" म्हटले, तरी ते फांदीवर थांबत, मान ताठ करीत आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सारे सांगूनच पुढे जात. अर्धवट उत्तर देणे त्यांना असभ्यपणाचे वाटे.

सातविणकरांना कोणी शिकविले नव्हते. वनराज वाघाच्या दरबाराचे हुकूम भेकर पाणवठ्यावर उभे राहून सर्वांदेखत मोठ्याने सांगे. ते ऐकून ऐकून त्यांनी जंगलाचे सारे नियम स्वतःच पाठ केले होते. कोणत्या झऱ्यावर कोणी आधी प्यावे, गळून पडलेल्या फळावर हक्क कोणाचा, असले वाद घेऊन पक्षी त्यांच्याकडे येत. उंबरावर चरणारे हरियाल, म्हणजे हिरवी कबुतरे, मात्र त्यांची थट्टा करण्याची संधी सोडीत नसत.

"सातविणकर, एक नियम सांगा की! शिंक आली तर तोंड पूर्वेकडे करायचं, का पश्चिमेकडे?"

"शिंकेसंबंधी नियम नाही," असे सातविणकर अगदी गंभीरपणे सांगत, आणि सारा थवा खदखदून हसे. त्याचे त्यांना काही वाटत नसे. एवढ्या आयुष्यात आपल्याकडून एकही नियम मोडला गेला नाही, या अभिमानावर ते सुखाने जगत होते.

आता धनेशांची एक रीत तुम्हांला सांगितली पाहिजे. तिच्यावाचून पुढची गोष्ट समजणार नाही. विणीचा हंगाम आला की धनेशीण झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखल, विष्ठा व फळांचा गर लिंपून ढोलीचे तोंड बंद करून घेते. चोचीचे टोक आत जाईल एवढी एक उभी फट तेवढी ठेवते. आत बसून ती अंडे उबविते, आणि त्याच काळात तिच्या पंखांची पिसे गळून पडतात. नवी पिसे येईपर्यंत तिला उडता येत नाही. तोवर तिचे व पिल्लाचे पोट धनेशाच्या चोचीवर अवलंबून असते. तो गळ्यात फळे साठवून आणतो आणि एकेक फळ फटीतून आत देतो. त्याची खेप चुकली की आत उपास पडतो.

त्या वर्षी सातविणकरांच्या ढोलीत पिल्लू अंड्यातून नुकतेच बाहेर आले होते. म्हातारपणचे पिल्लू ते. पुन्हा असे व्हायचे नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. सातविणकर पहाटेपासून उंबर ते सातवीण अशा खेपा घालीत, आणि फटीतून ती चिमुकली चोच दिसली की आपले वय विसरत.

उंबर एका डोंगरावर आणि सातवीण दुसऱ्यावर. मधल्या खिंडीत कारवीचे असे दाट रान, की वरून पाहणाऱ्याला जमीन दिसू नये. एका सकाळी गळा भरून घेऊन सातविणकर खिंडीवरून चालले असता खालून आवाज आला.

"थांबावे. आपण कोण, हे कृपया सांगावे."

आवाज घोगरा, सावकाश आणि अतिशय शुद्ध होता. 'कृपया' हा शब्द सातविणकरांनी त्या जंगलात स्वतःखेरीज दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यांना फार बरे वाटले. ते खिंडीतील एका वठलेल्या ऐनाच्या झाडावर उतरले आणि त्यांनी नाव, वडिलांचे नाव, वय, कूळ, पत्ता, सारे काही सांगितले.

"घरी कोण कोण असते?"

"सौभाग्यवती आणि एक अपत्य. दोघेही सध्या बंद ढोलीत आहेत."

"म्हणजे फळे आणणारे आपण एकटेच?"

"एकटाच."

कारवीत काहीतरी सळसळले. मग तोच आवाज अधिक जड होऊन म्हणाला, "श्रीयुत सातविणकर, मी वनदरबाराच्या विषबाधा खात्यातून बोलत आहे. पलीकडच्या ओढ्यात कोणीतरी काजऱ्याच्या विषारी बिया कालविल्या आहेत. बियांच्या ढिगावर एक पीस सापडले. रंग काळा, टोक पांढरे. ते पीस आपल्या ढोलीतील आहे."

सातविणकरांच्या गळ्यातील फळे एकाएकी दगडांसारखी जड झाली. "मी... मी काजऱ्यावर कधी बसलोदेखील नाही."

"आपण नसाल बसला. आपल्या पिसाचा दुसऱ्या कोणी गैरवापर केला असेल. परंतु ते सिद्ध होईपर्यंत आपण आरोपी आहात. यासंबंधीचा नियम आपल्यासारख्या जाणत्यास ठाऊक असेलच."

"आहे," सातविणकर म्हणाले.

खरे पाहता असा कोणताच नियम त्यांनी ऐकला नव्हता. परंतु 'मला ठाऊक नाही' हे वाक्य त्यांच्या चोचीतून आजवर कधी बाहेर पडले नव्हते, आणि त्या क्षणीही ते पडले नाही.

एवढ्यात झुडपामागून वाघाची डरकाळी उठली. ऐनाची फांदी थरथरली. "वनराज स्वतः या प्रकरणात लक्ष घालीत आहेत," आवाज हळूच म्हणाला. "आपल्या गळ्यात काय आहे?"

"उंबराची फळे."

"त्यांची तपासणी होईल. त्या खडकावर ठेवावीत आणि मागे न पाहता जावे. आपण निर्दोष ठरल्यास फळे परत मिळतील. आणि हे प्रकरण गुप्त आहे. ज्याला सांगाल तो सहआरोपी होईल. मग ती आपली पत्नी का असेना."

सातविणकरांनी एकेक फळ गळ्यातून काढून खडकावर मांडले. पाठ वळताच मागे मचमच असा आवाज येऊ लागला. तपासणी सुरू झाली असावी, असे त्यांनी आपल्या मनाला सांगितले.

त्या दिवसापासून खिंड त्यांच्या जिवावर उठली. आवाजाने त्यांना सोडलेच नाही. सकाळी हाक, दुपारी हाक, उन्हे कलताना हाक. कधी पीस सापडल्याचा पंचनामा राहिला म्हणून, कधी ओढ्यातल्या पाण्याची फेरतपासणी म्हणून. प्रत्येक वेळी गळ्यातली बरीचशी फळे खडकावर जात. एकदा ते खिंड टाळून कड्याच्या बाजूने लांबचा वळसा घालून निघाले. कड्याखालच्या झुडपातूनच आवाज आला, "मार्ग का बदलला, श्रीयुत सातविणकर?"

"वारा उलटा होता, साहेब."

'साहेब' हा शब्द आपण कधीपासून म्हणू लागलो, हे त्यांना आठवेना.

ढोलीच्या फटीशी जाणे तर याहून कठीण झाले.

"अहो, आज एवढंच?" आतून धनेशीण विचारी.

"यंदा उंबर कमी फळला आहे."

"कमी? वाऱ्याबरोबर पिकल्या फळांचा वास तर कसा घमघमतोय!"

"वास निराळा आणि फळ निराळे."

"आणि तुमचे पंख असे का वाजताहेत? भरल्या गळ्यानं येता तेव्हा कसे घुमतात. आता नुसता फडफडाट."

"वयोमान," सातविणकर म्हणत आणि लगबगीने निघून जात. आपल्या वाट्याचे फळ ते आता खात नसत; तरी आतली भूक भागत नव्हती. पिल्लाची चिरचिर दिवसेंदिवस बारीक होत चालली. एका दुपारी त्यांनी फटीला कान लावला, तर बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. मग अगदी खोलवरून एक 'चीं' आली. ते फांदी घट्ट धरून बसून राहिले.

उंबरावरचा थवा पूर्वीसारखाच चेष्टा करी. "काय सातविणकर, हल्ली नियम नाहीत वाटतं? संपले की काय?" थव्यातला एक म्हातारा हरियाल मात्र हसत नसे. तो इकडेतिकडे पाहत घाईघाईने फळे तोडी आणि कोणाशी न बोलता उडून जाई. एकदा सातविणकर त्याच्याजवळ सरकले. सांगून टाकावे, असे फार वाटले. "आपणास एक विचारावयाचे होते," एवढे ते बोललेही. परंतु पुढचे शब्द येईनात.

त्याच दिवशी खिंडीत आवाजाने विचारले, "सकाळी हरियालाशी काय बोलणे चालले होते?"

"काही नाही, साहेब. खरोखर काही नाही."

"आम्हांला सर्व दिसते, श्रीयुत सातविणकर. पानापानातून दिसते."

आणि मग एके दिवशी झुडपातून नवाच आवाज आला. हा वरिष्ठ अधिकाऱ्याचा आवाज होता; मऊ, थोरल्या भावासारखा. "आपण सहकार्य केले आहे, सातविणकर. उद्या प्रकरण मिटवून टाकू. आता फक्त ढोलीची पाहणी राहिली. आज जाऊन भिंत फोडून घ्यावी. उद्या सूर्य डोक्यावर आला की आमचे कर्मचारी येतील. त्या वेळी पत्नी व अपत्य ढोलीच्या तोंडाशी असावीत."

"परंतु साहेब, तिला पंख नाहीत."

"ते आम्हांला ठाऊक आहे."

सातविणकरांनी सातविणीच्या दिशेने पाहिले.

"भिंत शाबूत दिसली," आवाज तितक्याच मऊपणे म्हणाला, "तर आपले नाव पाणवठ्यावर पुकारले जाईल. ओढ्यात विष कालविणारा, म्हणून. वडिलांच्या नावासकट."

बालमित्रांनो, खिंडीपासून सातविणीपर्यंतची ती वाट सातविणकरांनी कशी कापली, ते त्यांचे त्यांना ठाऊक. ते स्वतःशी म्हणत होते : भिंत काय, पुन्हा लिंपता येते, गेलेले नाव लिंपता येत नाही. पुन्हा म्हणत : पाहणी तर व्हायची, तासाभराचा प्रश्न. आणि हा विचार आपला आहे, की त्या आवाजाचा, हे त्यांना ओळखता येईना.

फटीशी बसून त्यांनी घसा साफ केला. "भिंत काढावी लागेल."

"का?" धनेशिणीने विचारले.

"नियम आहे."

"कुठला?"

ज्यांना जंगलातला प्रत्येक नियम तोंडपाठ, ते सातविणकर गप्प राहिले. एक शब्द आठवेना. त्यांची चोच फटीवर टेकली आणि मग, जसे आले तसे, सारे बाहेर पडले. पीस, विष, डरकाळी, खडक, फळे, उद्याची पाहणी. सांगताना आयुष्यात प्रथमच त्यांची वाक्ये अर्धवट राहत होती.

मग धनेशीण म्हणाली, "पिल्लाच्या तोंडचं काढून त्या झुडपाला घातलंत?"

"होय."

"आणि मला सांगितलंत, उंबर फळला नाही."

"होय."

"बसा इथं. कुठं जाऊ नका." तिचा राग फटीतून बाहेर येत होता, तसा हळूहळू आत गेला. "मी इथं कोंडून घेतल्यापासून दिवसभर काय करते, माहीत आहे? हाका ऐकते. कुणी ना कुणी येतंच. साप येतो नि म्हणतो, 'वहिनी, आत फार उकडत असेल, फट जरा मोठी करा की.' घोरपड येते, ती म्हणते, 'मी सुईण आहे.' आणि काल दुपारी तर तुम्हीच आलात."

"मी? काल दुपारी मी उंबरावर होतो."

"ते कळलं मला. पण आवाज अगदी तुमचाच. 'सौभाग्यवती,' अशी हाक मारली. 'भिंत काढावी, विलंब नको,' म्हणाला."

सातविणकरांच्या मानेवरची पिसे उभी राहिली. "मग?"

"मग काय! म्हटलं, चोच द्या आत. तर गप्प. पुन्हा म्हटलं, चोच. तर उडून गेला. अहो, आवाज काय, वाऱ्यालाही असतो. मी आवाजाला भिंत उघडत नाही."

सातविणकर फांदीवर नुसते बसून राहिले. ज्या परक्या घशातून माझा आवाज निघतो, ते मनात म्हणत होते, त्यातून वाघाचा का निघणार नाही? खात्यातील घोगऱ्या अधिकाऱ्याचा, मऊ वरिष्ठ साहेबाचा का निघणार नाही? आणि तरीही भीती जात नव्हती. "पण ते पीस? ते तर आपलेच होते."

"माझी गळलेली पिसं मी रोज या फटीतून बाहेर टाकते. खाली बघा, खच पडलाय. कुणीही यावं नि उचलावं."

"पण वनराज स्वतः..."

"वनराजाला तुमच्याशी बोलायचं असतं, तर भेकर पाणवठ्यावर ओरडलं असतं. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? 'कुणाला सांगू नका' हा हुकूम वाघाचा नसतो हो. तो चोराचा असतो. मी या अंधारात बसलेय, तरी मला कुणी कैद केलेलं नाही. तुम्हाला सगळं आभाळ मोकळं, आणि कैदेत मात्र तुम्ही!"

"आणि उद्या त्यांनी माझे नाव पुकारले तर?"

"त्यांच्याआधी तुम्हीच जाऊन सांगा. हरियालांना. सगळं."

"ते हसतील."

"हसू देत. हसण्यानं पिल्लू मरत नाही." मग ती जरा खालच्या स्वरात म्हणाली, "आणि खिंडीत थांबू नका. उत्तर देऊ नका. तो चुकीचं बोलला तरी दुरुस्त करायला जाऊ नका. तुमची खोड मला चांगली ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच सातविणकर निघाले. खिंड आली. "श्रीयुत सातविणकर, थांबावे," हाक आली. ते थांबले नाहीत. "भिंत फोडलीत काय?" ते उडत राहिले. "आपण आरोपी आहात, हे विसरू नये!" मागून डरकाळी उठली आणि त्यांचा डावा पंख क्षणभर लुळा पडल्यासारखा झाला, ते हातभर खाली आले, सावरले. शेवटी आवाज ओरडला, "वय वर्षे चाळीस, अशी नोंद करीत आहोत! मान्य आहे काय?" चाळीस! उत्तर अगदी चोचीच्या टोकापर्यंत आले होते. सातविणकरांनी चोच मिटली आणि खिंड ओलांडली.

उंबरावर थवा नुकताच येऊन बसला होता. सातविणकर मधल्या फांदीवर उतरले. "मी फसलो आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी सारे सांगितले. एका तरुण हरियालाला हसू फुटले. "अहो, म्हणजे नियमांच्या खाणीलाच चोरानं नियम शिकवले!"

"हसू नकोस," एक थकलेला आवाज म्हणाला. तो म्हातारा हरियाल होता. त्याची मान खाली होती. "मला तो बिबट्याच्या कचेरीतून बोलतो. माझा मुलगा पलीकडच्या रानात पकडला गेलाय म्हणतो. सोडवायचा तर रोज फळं ठेव, म्हणतो. मी ठेवतो."

"काका, तुमचा मुलगा तर बरा आहे! परवा झऱ्यावर भेटला की मला," तरुण हरियाल म्हणाला.

म्हाताऱ्याने वर पाहिले. "विचारायला जाऊ नको म्हणाले होते," तो पुटपुटला. "मी गेलोच नाही."

पलीकडच्या डहाळीवरून तांबट पक्षी बोलला. त्याला पाण्याच्या कराविषयी हाक येत होती. मग मैना बोलली. प्रत्येकाला वाटत होते, की झुडूप आपल्या एकट्यालाच ओळखते. आता कोणी हसत नव्हते.

"सूर्य डोक्यावर यायच्या आत गळे भरा," म्हातारा हरियाल म्हणाला. "सगळे मिळून सातविणीवर जाऊ."

सारा थवा एकदम खिंडीवरून गेला, तेव्हा कारवीतून एकही हाक आली नाही. सातविणकरांनी फटीतून आत फळ दिले, दुसरे दिले, देतच राहिले. आतली चिमुकली चोच आधी फळ धरीना. मग धरू लागली. हरियाल पानांआड गुपचूप बसले. ऊन चढले. सावल्या झाडांच्या बुंध्यांशी गोळा झाल्या. आणि मग डरकाळी आली.

ती जवळ येत होती. फांद्यांवर पंख उघडू लागले. "बसा," म्हातारा हरियाल म्हणाला; त्याची स्वतःची नखे सालीत रुतली होती. पुन्हा डरकाळी झाली, अगदी शेजारून. सातविणकर ढोलीच्या तोंडाशी पाठ लावून उभे होते. वाघ आला तर आपण काय करणार, हे त्यांना ठाऊक नव्हते. येथून हलायचे नाही, एवढेच ठाऊक होते.

"पण ही वरून कशी येतेय?" तरुण हरियाल कुजबुजला. "वाघ काय शेंड्यावर चढून ओरडतो?"

सर्वांनी माना वर केल्या. शेजारच्या झाडाच्या शेंड्यावर एक काळाभोर भृंगराज पक्षी बसला होता. त्याच्या शेपटीची दोन पिसे तारांसारखी लांब होती. त्याने एवढीशी चोच उघडली, आणि तिच्यातून वाघाची डरकाळी बाहेर पडली. खाली सातविणीच्या बुंध्यावरून एक उदमांजर वर चढत होते. उंबरे खाऊन त्याचे पोट सुटले होते, आणि मिशांना अजून गर चिकटलेला होता.

"अहो सातविणकर," म्हातारा हरियाल मोठ्याने म्हणाला, "हेच का तुमचं विषबाधा खातं?"

उदमांजराने वर पाहिले. पानापानाआड डोळे होते. "आम्ही... पाहणीकरिता..." ते चाचरले.

सातविणकरांना पुष्कळ बोलायचे होते. कोणाच्या ढोलीवर चढणे कोणत्या नियमाने निषिद्ध आहे, हे आता त्यांना शब्दशः आठवत होते. ते एक शब्दही बोलले नाहीत. बुंध्यावर दोन उड्या मारून खाली उतरले आणि त्यांनी ती प्रचंड चोच उदमांजराच्या नाकासमोर एकदाच मिटली. टक्! उदमांजर मागे सरकले, घसरले आणि पालापाचोळा उडवीत झाडीत दिसेनासे झाले. भृंगराजाला मात्र लाज नव्हती. तो जाता जाता म्हणाला, "श्रीयुत सातविणकर, आपल्यावर कारवाई होईल." आवाज तसाच शुद्ध आणि सुंदर होता. कोणी उत्तर दिले नाही, आणि तो उडून गेला.

खडकावर ठेवलेली फळे कोणालाही परत मिळाली नाहीत. सातविणकरांचे पिल्लू इतर धनेशांच्या पिल्लांपेक्षा उशिरा बाहेर आले, आणि त्याचा बांधा लहानच राहिला; पण ते उडाले. भृंगराज आता दुसऱ्या दरीतून हाका मारतो. खात्याचे नाव त्याने बदलले आहे. त्यानंतर त्या जंगलात बदल झाला तो हा : झुडपातून आलेली हाक कोणी एकट्याने मनात ठेवीनासे झाले. हाक आली की पक्षी न थांबता उंबरावर येतो आणि सर्वांना सांगतो.

तात्पर्य : जो अधिकारी तोंड दाखवीत नाही आणि 'कोणास सांगू नका' असे बजावतो, तो अधिकारी नव्हे, त्यास उत्तर देऊ नये, आणि त्याची हाक आपल्या माणसांपासून लपवू नये.